वाचलेला वेळ कोणाचा?

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



यंदाच्या वर्धापनदिनाला बाहेरचा वक्ता न बोलावता आपल्यापैकीच एकीने बोलावे असे कार्यकारी मंडळाने ठरविले, आणि ते काम माझ्या वाट्याला आले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. व्यासपीठावर उभे राहण्याची सवय नाही. परंतु वाचनालयातील पुस्तके काही कोणाची इयत्ता विचारीत नाहीत. अमेरिकेतील घरसंसार कसकसा बदलत गेला, ह्याविषयी मिळेल ते मी गेले वर्षभर वाचीत आले. त्यातलेच थोडे आज आपल्यापुढे ठेवणार आहे. अमेरिका मी डोळ्यांनी पाहिलेली नाही, हे आधीच सांगून टाकते.

कोणी विचारील, आपल्या घरातले सोडून ही अमेरिका मध्येच कशाला? त्याचे कारण असे की, विजेची यंत्रे, मोटार, बोलपट, रेडिओ आणि टेलिव्हिजन हे पाच पाहुणे सामान्य माणसाच्या घरी तिथे फार लवकर व फार झपाट्याने आले. मुंबईला दूरदर्शनचे केंद्र सुरू झाले ते १९७२ साली. तोवर तिकडे टेलिव्हिजनपुढे वाढलेली मुले संसाराला लागली होती. पुढच्यास ठेच, मागचा शहाणा असे आपण म्हणतो. निदान पुढच्याला ठेच कुठे लागली आणि तो सुखरूप कुठे चालला, हे पाहून ठेवायला काय हरकत आहे?

ह्या कामी आपली पहिली वाटाडी एक मराठी बाईच आहे. डॉ. आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियाला डॉक्टर झाल्या, त्या पदवीदान समारंभासाठी पंडिता रमाबाई १८८६ साली अमेरिकेला गेल्या. तिथे त्या दोन-अडीच वर्षे राहिल्या, पुष्कळ हिंडल्या, आणि परत आल्यावर १८८९ साली त्यांनी तेथील लोकस्थितीवर मराठीत मोठे पुस्तक लिहिले. त्या पुस्तकात बायकांच्या मंडळांचे वर्णन मोठ्या कौतुकाने केलेले आहे. कुणी दारूबंदीसाठी, कुणी शिक्षणासाठी, कुणी गरिबांच्या मदतीसाठी, अशा गावोगावच्या बायका एकत्र जमतात, पैसा उभा करतात, सभेत उठून बोलतात, हे रमाबाईंना फार मोलाचे वाटले. त्या वेळी त्या बायकांच्या घरी विजेचे एकही यंत्र नव्हते. हे लक्षात ठेवा. पुढे त्याची गरज लागणार आहे.

आता तेव्हाचे घरकाम कसे होते ते पाहू. टेक्सास नावाच्या मोठ्या राज्यात डोंगराळ मुलूख आहे. तिथल्या शेतकऱ्यांच्या घरी १९३० नंतरही वीज नव्हती. सोमवार हा धुण्याचा वार. विहिरीतून बादल्यांनी पाणी ओढायचे, ते घरापर्यंत वाहून आणायचे, अंगणात चुलाण पेटवून मोठ्या हंड्यात कपडे उकळायचे, काठीने ढवळायचे, एका टबातून दुसऱ्यात खळबळायचे, नीळ घालायची आणि हाताने पिळायचे. मंगळवार इस्त्रीचा. सहा-सात पौंड वजनाच्या लोखंडी इस्त्र्या भर उन्हाळ्यात पेटत्या चुलीवर तापवायच्या; एक गार झाली की दुसरी उचलायची. रॉबर्ट कॅरो ह्या लेखकाने तिथल्या म्हाताऱ्या बायकांना भेटून हे सारे लिहून ठेवले आहे. वाचताना आपल्या आजीची आठवण होते. घरोघरी मातीच्या चुली म्हणतात, ते समुद्रापलीकडेही खरे आहे.

१९३५ साली अमेरिकेतील शंभर शेतघरांपैकी जेमतेम दहा घरांत वीज होती. शहरांत मात्र बहुतेक घरे उजळलेली. वीज कंपन्यांचे म्हणणे असे की, दूरदूर पसरलेल्या शेतांपर्यंत तारा नेणे परवडत नाही. मग त्या वर्षी सरकारने ग्रामीण विद्युतीकरणाचे खाते काढले, आणि शेतकऱ्यांनी पाच-पाच डॉलर भरून आपल्या सहकारी संस्था स्थापन केल्या. सरकारी कर्ज घेऊन त्यांनी स्वतः खांब रोवले, तारा ओढल्या. वीस वर्षांत शंभरांपैकी नव्वदांहून अधिक शेतघरांत वीज पोचली. साखर कारखान्यापासून पतपेढीपर्यंत सहकाराची ओळख असलेल्या आपल्याला ह्यात नवल वाटणार नाही. ज्या बाईने दहा-वीस वर्षे विहिरीवर पाणी ओढले, तिच्या घरी विजेचा पंप सुरू झाला, तेव्हा तिला काय वाटले असेल, हे पाणी भरलेल्या बाईलाच कळेल. म्हणून यंत्रांच्या विरुद्ध बोलायला मी उभी राहिलेली नाही. ज्यांनी पाटा-वरवंटा कधी चालवला नाही, त्यांनीच मिक्सरला नावे ठेवावीत.

शहरांत तर एकामागून एक वस्तू येत गेल्या. पूर्वी बर्फाची लाकडी कपाटे असत. बर्फवाला गाडी घेऊन येई. किती पौंड बर्फ हवा ते दाखविणारे कार्ड गृहिणी खिडकीत लावून ठेवी. बर्फ वितळून खालच्या ताटलीत पाणी साचे, ते आठवणीने ओतावे लागे. १९२७ साली जनरल इलेक्ट्रिक कंपनीने डोक्यावर गोल यंत्र बसविलेले विजेचे शीतकपाट काढले, आणि दुसऱ्या महायुद्धानंतरच्या दहा वर्षांत ते बहुतेक घरांत जाऊन बसले. १९३७ साली बेंडिक्स कंपनीने आपोआप धुऊन, खळबळून, पिळून देणारे यंत्र लोकांपुढे आणले. विजेची इस्त्री, केर ओढणारा व्हॅक्यूम क्लीनर, सगळे आले. रोख पैसे नसले तर हप्ते होतेच. मोटारी हप्त्याने विकण्यासाठी जनरल मोटर्सने १९१९ साली वेगळी कंपनीच काढली. कर्ज काढून चैनीची वस्तू आणणे ही पूर्वी लाजेची गोष्ट होती. दहा वर्षांत ती शेजारपाजारची रीत झाली.

मोटारीची गोष्टही अशीच. हेन्री फोर्ड ह्यांनी १९०८ साली आपली साधी मोटार काढली, तेव्हा तिची किंमत ८५० डॉलर होती. १९१३ साली त्यांनी कारखान्यात सरकता पट्टा बसविला. माणूस एके जागी उभा आणि मोटार त्याच्यापुढून सरकत जाणार. त्यामुळे किंमत उतरत उतरत पुढे तीनशे डॉलरच्याही खाली आली. रॉबर्ट आणि हेलन लिंड ह्या नवराबायकोने इंडियाना राज्यातील मन्सी नावाच्या गावात राहून तेथील लोकांच्या राहणीची पाहणी केली आणि १९२९ साली ती पुस्तकरूपाने छापली. त्यांना असे दिसले की, काही घरांत न्हाणीघराची सोय नाही, पण दाराशी मोटार आहे! रविवारी चर्चला जाणारी माणसे मोटारीतून फिरायला जाऊ लागली. संध्याकाळी घरापुढच्या ओसरीवर बसून येणाऱ्याजाणाऱ्याशी बोलण्याची चाल कमी होत चालली. ओसरी रिकामी पडू लागली, ती प्रथम मोटारीमुळे.

आता माझ्या मुख्य मुद्द्याकडे येते. इतकी यंत्रे आल्यावर गृहिणीला किती वेळ मोकळा मिळाला असेल? आपण म्हणू, निम्मे काम तरी हलके झाले असेल. जोअ‍ॅन व्हॅनेक ह्या बाईंनी हा हिशेब मांडून १९७४ साली प्रसिद्ध केला. १९२० नंतरच्या सुमारास, नोकरी न करणारी अमेरिकन गृहिणी आठवड्याला सुमारे ५२ तास घरकाम करीत होती. चाळीस वर्षांनी, १९६० नंतर, घरात वीज, नळ, गॅस, धुण्याचे यंत्र, शीतकपाट सारे काही असताना, ती ५५ तास काम करीत होती. तीन तास वाढलेच!

हे कसे झाले? रूथ श्वार्ट्झ कोवन ह्या इतिहासकार बाईंनी १९८३ साली ह्यावर एक पुस्तक लिहिले. त्यांचे म्हणणे मी आपल्या भाषेत सांगते. पूर्वी मध्यम घरात धुणेवाली येत असे, किंवा कपडे लाँड्रीत जात. बर्फवाला, दूधवाला, किराणावाला दारी येत. यंत्र आले तशी धुणेवाली गेली आणि लाँड्रीत जाणारे कपडे परत घरी आले. मोटार आली आणि १९३० नंतर मोठमोठी स्वयंसेवेची दुकाने निघाली, तसे दारी येणारे बंद झाले आणि सामान आणायला बाईच मोटार हाकू लागली. मुलांना शाळेत सोडणे, डॉक्टरकडे नेणे, नवऱ्याला स्टेशनवर पोचविणे, हेही तिच्याकडेच आले. पूर्वी पाणी, लाकडे, पीठ दळून आणणे ह्या कामांत पुरुषांचा आणि मुलांचाही हात असे. यंत्राने त्यांचे काम वाचविले. बाईचे काम नुसते बदलले.

आणि दुसरे कारण त्याहून मजेचे. धुणे सोपे झाले म्हणून धुणे वाढले. चार दिवस चालणारा सदरा रोज बदलला जाऊ लागला. घर आणखी चकचकीत, स्वयंपाक आणखी सोळा परींचा, मूल आणखी तजेलदार हवे असे प्रत्येकीला वाटू लागले. हे तिला आपोआप वाटले का? नाही. हे वाटायला लावणारी एक मोठी विद्या त्याच काळात तयार होत होती. तिचे नाव जाहिरात. लिस्टरीन नावाचे जंतुनाशक औषध होते. त्याच्या विक्रेत्यांनी १९२० नंतर तोंडाच्या दुर्गंधीला 'हॅलिटोसिस' असे भारदस्त नाव देऊन, त्यापायी चांगल्या मुलींची लग्ने राहतात अशा जाहिराती केल्या. बिचाऱ्या मुली गुळण्या करू लागल्या आणि औषधाचा खप भराभर वाढला. आधी काळजी विकायची आणि मग तिच्यावरचा उपाय विकायचा, असा हा धंदा.

ही जाहिरात घराच्या आत आणण्याचे काम रेडिओने केले. २ नोव्हेंबर १९२० रोजी पिट्सबर्ग येथील केडीकेए ह्या केंद्राने अध्यक्षीय निवडणुकीचे निकाल रेडिओवरून सांगितले. भगिनींनो, ती निवडणूक कोणती होती? अमेरिकेतील स्त्रियांना घटनेने मताचा हक्क दिल्यानंतरची ती पहिलीच अध्यक्षीय निवडणूक. म्हणजे बाईला मत मिळाले आणि तिच्या घरात बोलणारी पेटी आली, ती एकाच सुमारास. दोनच वर्षांनी, १९२२ साली, न्यूयॉर्कच्या एका केंद्रावर पैसे घेऊन पहिली जाहिरात झाली. ती होती घरांची.

मग साबणवाल्यांच्या ध्यानात आले की, दुपारी नवरा कामावर आणि मुले शाळेत असताना गृहिणी एकटीच भांडी घाशीत, इस्त्री करीत असते. तिचे हात गुंतलेले असतात, कान मोकळे असतात. त्या कानांसाठी रोज पंधरा मिनिटांच्या कौटुंबिक कथा सुरू झाल्या. साबण कंपन्या पैसे देत म्हणून त्यांना 'सोप ऑपेरा', म्हणजे साबणाची संगीत नाटके, असे थट्टेने म्हणू लागले. आपल्या मालिकांचा घराण्याचा मूळ पुरुष हा साबण आहे, बरे का! १९३३ साली सुरू झालेली 'मा पर्किन्स' ही त्यांतली फार लोकप्रिय मालिका. लाकडाची वखार चालविणारी एक शहाणी, प्रेमळ विधवा आणि तिचा गोतावळा. ती म्हातारी वठविणारी व्हर्जिनिया पेन ही नटी सुरुवातीला अवघी २३ वर्षांची होती, आणि १९६० साली कार्यक्रम बंद होईपर्यंत तीच ते काम करीत राहिली. लोकांना ती मावशी-आत्यासारखी वाटे.

ह्या मालिकांना हसणे सोपे आहे. पण मला त्यांत एक दुःखही दिसते. धुणेवाली गेली, बर्फवाला गेला, ओसरी रिकामी झाली आणि दिवसभर बंद घरात एकटी राहिलेली बाई पेटीतल्या मावशीशी मनातल्या मनात बोलू लागली. सोबत तर हवीच. ती साबणाबरोबर फुकट मिळत होती.

दुसऱ्या महायुद्धानंतर हे एकटेपण आणखी वाढले. न्यूयॉर्कजवळ १९४७ साली लेव्हिटटाउन नावाची एकसारख्या घरांची प्रचंड वसाहत उभी राहू लागली. घराबरोबर धुण्याचे यंत्र मिळे, आणि १९५० च्या घरांत तर टेलिव्हिजनही भिंतीत बसवून दिलेला असे. मात्र ही घरे फक्त गोऱ्यांना. काळ्या कुटुंबाने पैसे मोजले तरी त्याला तिथे प्रवेश नव्हता. यंत्राची सुखे सर्वांना सारखी मिळाली असे कोणी सांगू लागले, तर एवढी एक गोष्ट विसरू नये.

टेलिव्हिजन किती वेगाने पसरला ते पाहा. १९५० साली शंभरांपैकी नऊ घरांत तो होता. १९६० साली सुमारे ८७ घरांत. त्याआधी बोलपटांचे राज्य होते. १९४६ साली दर आठवड्याला आठ-नऊ कोटी तिकिटे खपत असा अंदाज आहे. दहा-बारा वर्षांत तो आकडा निम्म्याच्या आसपास आला. लोकांनी करमणूक सोडली नाही, करमणुकीसाठी घराबाहेर पडणे सोडले. चित्रपटगृहात निदान शेजारी कोणी बसलेला असे, मध्यंतरात दोन शब्द होत. आता ज्याचा त्याचा दिवाणखाना आणि ज्याची त्याची पेटी. १९५४ च्या सुमारास स्वॉन्सन कंपनीचे 'टीव्ही डिनर' खपू लागले. टर्की पक्ष्याचे मांस, रताळे आणि मटार असे जेवण अ‍ॅल्युमिनियमच्या कप्प्याकप्प्याच्या ताटात, किंमत ९८ सेंट. भट्टीत गरम करायचे आणि टेलिव्हिजनपुढे मांडीवर घेऊन खायचे. पंगतीत बसल्यावर माणूस समोरच्याचे तोंड पाहतो. इथे सगळ्यांची तोंडे एकाच दिशेला.

पण त्याच पडद्यावर बाईची बाजूही आली. ल्युसिल बॉल ही विनोदी नटी 'आय लव्ह ल्युसी' ह्या १९५१ साली सुरू झालेल्या मालिकेतून घरोघर पोचली. मध्येच तिला दिवस गेले. तोवर गरोदर बाई टेलिव्हिजनवर दाखविणे अशोभनीय मानीत. मालिका बंद ठेवावी असे कोणाला वाटले असते तर नवल नव्हते. पण तिने आणि तिच्या नवऱ्याने ते कथेतच गुंफले. धर्मगुरूंना संहिता दाखविल्या, 'गरोदर' हा शब्द काही वापरू दिला नाही, पण पोट दिसले! १९ जानेवारी १९५३ रोजी कथेतील मूल जन्मले, त्याच दिवशी तिलाही खरोखरीचा मुलगा झाला. सुमारे ४ कोटी ४० लाख लोकांनी तो भाग पाहिला. दुसऱ्या दिवशी आयसेनहॉवर ह्यांचा अध्यक्षपदाचा शपथविधी होता, त्याला एवढे प्रेक्षक लाभले नाहीत. बाळंतपण ही कोपऱ्यात कुजबुजण्याची गोष्ट नाही, हे एका विनोदी बाईने साऱ्या देशाला हसत हसत पटवून दिले.

त्याहून मोठी गोष्ट १९६५ ची. अलाबामा राज्यातील सेल्मा गावी काळे लोक मताच्या हक्कासाठी शांतपणे मोर्चा घेऊन निघाले. १९२० साली स्त्रियांना मत मिळाले खरे, पण दक्षिणेतल्या काळ्या बायकांना आणि पुरुषांना ते देण्यात नाना अडथळे घालीत. ७ मार्चच्या रविवारी पोलिसांनी पुलावर त्या मोर्चाला झोडपून काढले. त्या रात्री एबीसी ह्या वाहिनीवर नाझींच्या खटल्याचा चित्रपट चालू होता. तो मध्येच थांबवून ही दृश्ये दाखविण्यात आली. दूरच्या राज्यांतील गोऱ्या घरांतली माणसे ते पाहून सुन्न झाली, आणि पुष्कळजण सेल्माला जायला निघाले. ऑगस्टमध्ये मतदानाच्या हक्काचा कायदा झाला. तेव्हा पेटी वाईट असे मी म्हणणार नाही. पेटीत काय घालायचे हे कोण ठरवितो, हा खरा प्रश्न.

हा प्रश्न बायकांना कोणी विचारीत नसे, ह्याचा एक नमुना सांगते. २४ जुलै १९५९ रोजी मॉस्कोला अमेरिकन वस्तूंचे प्रदर्शन भरले. त्यात एका नमुन्याच्या घरातील पिवळ्याजर्द स्वयंपाकघरापुढे अमेरिकेचे उपाध्यक्ष निक्सन आणि रशियाचे क्रुश्चेव्ह ह्यांची जुंपली. ह्या यंत्रांनी आम्ही आमच्या बायकांचे जिणे सोपे करतो असे निक्सन ह्यांचे म्हणणे. तोंडात घास कोंबून खाली ढकलणारे यंत्रही काढले आहे काय, असा क्रुश्चेव्ह ह्यांचा टोमणा. दोन महासत्ता धुण्याच्या यंत्रावरून भांडत होत्या, आणि रोज धुणे धुणाऱ्या एकाही बाईला त्या वादात मत विचारले गेले नाही! चारच वर्षांनी, १९६३ साली, बेटी फ्रीडन ह्यांचे पुस्तक आले. सगळी यंत्रे असलेल्या त्या सुंदर घरांतल्या शिकलेल्या बायका आतून उदास का आहेत, हे त्यांनी त्यांनाच विचारून लिहिले. पुस्तकाच्या लाखो प्रती खपल्या.

आता रमाबाईंनी कौतुक केलेल्या त्या मंडळांचे काय झाले ते पाहू. रॉबर्ट पुटनम नावाच्या प्राध्यापकांनी २००० साली ह्यावर जाडजूड पुस्तक लिहिले. पालक-शिक्षक संघाची सभासदसंख्या १९६० नंतरच्या सुरुवातीच्या वर्षांत सुमारे १ कोटी २० लाख होती. वीस वर्षांत ती पन्नास लाखांच्या आसपास उतरली. क्लब, सभा, शेजाऱ्यांकडे जेवायला जाणे, सारेच आटत गेले. ह्याची कारणे पुष्कळ आहेत. बायका नोकऱ्या करू लागल्या, माणसे दूरदूर राहू लागली. पण टेलिव्हिजनचा वाटा फार मोठा, असे त्यांनी हिशेबाने दाखविले. यंत्राने वाचविलेला जो काही वेळ होता, तो पेटीने घेतला. आणि पेटीने तो साबणवाल्याला विकला. माणसे तो एकमेकांना देईनाशी झाली.

परंतु गोष्ट इथेच संपत असती, तर आजच्या आनंदाच्या दिवशी मी ती सांगितली नसती. मॅसॅच्युसेट्स राज्यात न्यूटन नावाचे गाव आहे. १९६८ साली तिथे पेगी चॅरेन ह्या दोन मुलींच्या आईने काही मैत्रिणींना आपल्या दिवाणखान्यात जमविले. विषय एकच. मुलांच्या कार्यक्रमांत मारामारी फार आणि खेळणी-मिठाईच्या जाहिराती त्याहून फार. काही कार्यक्रमांत तर मुलांची लाडकी ताईच मध्ये थांबून खेळणी विकीत असे. ह्या चारचौघींनी टेलिव्हिजन फोडला नाही की विकून टाकला नाही. त्यांनी घड्याळ लावून कार्यक्रम पाहिले, किती वेळ गोष्ट आणि किती वेळ जाहिरात ह्याची टिपणे काढली, अर्ज लिहिले, वॉशिंग्टनला जाऊन साहेबांसमोर उभ्या राहिल्या. हळूहळू त्यांना हजारो सभासद मिळाले. कार्यक्रमातील ताईने माल विकायचा नाही, हे १९७४ साली ठरले. आणि १९९० साली मुलांच्या टेलिव्हिजनसंबंधी कायदाच झाला. मुलांच्या कार्यक्रमात तासाला जाहिराती सुट्टीच्या दिवशी साडेदहा मिनिटे आणि इतर दिवशी बारा मिनिटे, ह्याहून जास्त नकोत. बावीस वर्षे लागली, पण दिवाणखान्यात सुरू झालेले काम कायद्यापर्यंत गेले.

भगिनींनो, ते काय होते? ते महिला मंडळच होते. सतरंजीच्या जागी सोफे असतील एवढेच.

म्हणून आज घरी नवी वस्तू आली तर तिचे जरूर स्वागत करू या. पूजा करू या, हळदकुंकू वाहू या. पण त्याबरोबर तीन प्रश्न मनाशी विचारू या. हिने कोणाचे कष्ट वाचले, माझे की दुसऱ्याच कोणाचे? जो वेळ वाचला तो कुठे गेला? आणि हिच्या येण्याने मी कोणाला भेटेनाशी झाले? आता तर पेटी भिंतीवरून उतरून प्रत्येकाच्या तळहातावर आली आहे. सासू एका खोलीत, सून दुसऱ्या, नातवंडे तिसऱ्या, आणि सगळ्यांच्या माना खाली. अमेरिकेत ओसरी रिकामी व्हायला मोटारीपासून टेलिव्हिजनपर्यंत चाळीस वर्षे लागली. आपल्याकडे घरातल्या घरात ओसरी रिकामी होते आहे.

उपाय माझ्यापाशी मोठा नाही. आठवड्यातला एक वार आपण ह्या सतरंजीसाठी राखून ठेवला आहे, तो कोणत्याही मालिकेच्या शेवटच्या भागासाठी मोडायचा नाही, एवढे तरी आज ठरवू या. ज्यांच्या घरी नवीन सून आली आहे त्यांनी तिला बरोबर आणावे. ज्या शेजारणी आज पाहुण्या म्हणून आल्या आहेत त्यांनी जाताना वर्गणीच्या वहीत नाव लिहून जावे. घरातल्या कामात मुलांनी आणि पुरुषांनीही हात घातला, तर हा वार मोकळा काढणे मुळीच अवघड नाही. धुण्याच्या यंत्राचे बटण दाबायला पुरुषाचे बोटही चालते!

आपल्या मंडळाची अशीच भरभराट होवो, आणि पुढच्या वर्धापनदिनी माझ्या जागी आपल्यापैकीच दुसरी एखादी बोलायला उभी राहो, अशी इच्छा व्यक्त करून मी आपली रजा घेते.